जुन्या व्हीटेकला कुठलं ऑईल घालायचं? आधी इंजिनाचं ऑईल प्रेशर मोजा, मग ठरवा

"साहेब, गाडी जुनी झाली आता, ट्वेंटी-फिफ्टी टाकू, आवाज पण बसेल आणि ऑईल पण कमी खाईल." पुण्यात तरी मी हे वाक्य पाच-सहा गॅरेजमध्ये ऐकलंय, आणि याच सल्ल्याने माझ्या होंडा सिटी व्हीटेकमध्ये (व्हीटेक म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा) तीन वर्षं २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल पडत होतं. गाडी २००२ ची, म्हणजे २००३ च्या शेवटी डॉल्फिन सिटी आली त्याच्या आधीची, १.५ लिटर, १०६ बीएचपी, आणि मी घेतली तेव्हा १ लाख ६८ हजार किलोमीटर पडलेले. आधीच्या मालकाकडे सर्व्हिसचा एकही कागद नव्हता. हिवाळ्यात सकाळी स्टार्ट केली की पाच-सहा सेकंद वरून टकटक आवाज यायचा आणि मग थांबायचा. एक दिवस ताम्हिणी चढताना वरच्या आरपीएमला इंजिन एकदम मेल्यासारखं झालं आणि चेक इंजिनचा दिवा लागला. कोड निघाला २२, म्हणजे व्हीटेकच्या ऑईल प्रेशर स्विचचा. गॅरेजवाला म्हणाला सोलेनॉइडच, म्हणजे व्हीटेककडे ऑईल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्हच, बदलावा लागेल. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रींनी सोलेनॉइड हेडवरून सोडवला, त्याच्या गॅस्केटमध्ये एक छोटी जाळी असते ती दाखवली, आणि ती जाळी काळ्या चिकट गाळाने जवळजवळ बंद झालेली होती. नवीन गॅस्केट, थोडा कार्ब क्लीनर, बस, व्हीटेक परत आलं.

तिथून मी ऑईल हा विषय मनावर घेतला. ज्यांच्याकडे सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६, जुनी मारुती बलेनो, फोर्ड आयकॉन १.६, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस अशी गाडी आहे, ग्रीन टॅक्स भरून रीपासिंग करून जी जपून ठेवलीय, त्यांना ऑईल निवडताना नक्की काय बघायचं ते खाली सविस्तर लिहितोय. उदाहरण माझ्या सिटीचं, पण पद्धत सगळ्यांना चालेल.

डब्यावरचे आकडे नीट समजून घ्या

हे समजलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं, म्हणून इथे थोडा वेळ घालवा.

५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड ऑईलची चाचणी सांगतो. ५डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे ३० अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. आता पुण्यात पारा ८-१० पर्यंत उतरतो, नागपूरला कधी त्याहून थोडा खाली, कोकणात तर तेवढाही नाही, म्हणून लोक म्हणतात की आपल्याकडे पहिल्या आकड्याला काही अर्थच नाही. गाडी सुरू होण्यापुरतं हे बरोबर आहे, २०डब्ल्यूवर पण महाराष्ट्रात गाडी कुठेही सुरू होईल. पण ऑईल वरपर्यंत किती लवकर पोचतं हा वेगळा प्रश्न आहे. ४० अंशाला साधारण ५डब्ल्यू-४० ऑईल ८०-९० सेंटिस्टोकचं (हे जाडपणाचं एकक, आकडा मोठा तितकं ऑईल जाड) असतं आणि २०डब्ल्यू-५० त्याच्या जवळपास दुप्पट. ४० अंश म्हणजे आपली मे महिन्याची दुपार, म्हणजे ऐन उन्हाळ्यात सुद्धा स्टार्टच्या क्षणी जाड ऑईल खूपच जाड असतं आणि डिसेंबरमध्ये तर विचारू नका. माझ्या टकटकीचं कारण हेच होतं, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅम आणि रॉकरपर्यंत ऑईल यायला वेळ लागत होता.

दुसरा आकडा १०० अंशाचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. लक्षात घ्या की हे पट्टे आहेत, त्यामुळे एका कंपनीचं जाडसर ३० आणि दुसऱ्या कंपनीचं पातळसर ४० यांच्यात फारसा फरक नसतो.

आणि तिसरा आकडा डब्याच्या तोंडावर छापतच नाहीत, पण जोरात चालवायच्या इंजिनासाठी मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याला एचटीएचएस म्हणतात. १५० अंशाला, बेअरिंगमध्ये ऑईल जोरात रगडलं जात असताना ते किती जाड राहतं याचं हे माप. ३० ग्रेडला किमान २.९ लागतं, ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ला किमान ३.५, आणि २०डब्ल्यू-५० ला किमान ३.७. चांगल्या ५डब्ल्यू-४० चं एचटीएचएस ३.६-३.७ पर्यंत सहज जातं, म्हणजे घाटात इंजिन तापल्यावर बेअरिंगला मिळणारं संरक्षण २०डब्ल्यू-५० च्या किमान मर्यादेला टेकलेलं, आणि थंड असताना मात्र ऑईल निम्मं जाड. कंपनीच्या साइटवर प्रत्येक ऑईलची टेक्निकल डेटा शीट असते, त्यात हा आकडा शोधा. ज्या ऑईलची डेटा शीटच सापडत नाही ते मी घेत नाही.

मग सगळीकडे ट्वेंटी-फिफ्टी, ट्वेंटी-फॉर्टी का? पद्मिनी-अँबेसेडरच्या काळात इंजिनातले गॅप मोठे, ऑईल साधं मिनरल, तेव्हा ते बरोबरच होतं आणि त्या मिस्त्रींचं ज्ञान त्या इंजिनांसाठी आजही बरोबर आहे. पण होंडाच्या डी-सिरीज इंजिनात, म्हणजे माझ्या सिटीच्याच इंजिन कुटुंबात, बिग एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथला) गॅप नवीन असताना साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर असतो आणि ०.०५ झाला की संपलं. त्या काळच्या डी-सिरीजच्या मॅन्युअलमध्ये होंडा ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० सांगायची. तिथून एकदम २०डब्ल्यू-५० ला जाणं ही फार मोठी उडी आहे.

इंजिनाची आजची हालत बघा

किलोमीटर बघून ऑईल ठरवू नका. दीड लाखाचं नीट ठेवलेलं इंजिन घट्ट असू शकतं आणि ७० हजाराचं, ऑईल न बदलता वापरलेलं, खिळखिळं असू शकतं. मी चार गोष्टी बघतो.

पहिली, ऑईल किती खाते. सपाट जागेवर, रात्रभर उभ्या गाडीची डिपस्टिक बघा, बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा आणि १००० किलोमीटरनंतर त्याच जागेवर त्याच वेळेला परत बघा. या होंडांमध्ये दोन खुणांमधलं अंतर जवळपास १ लिटरचं आहे. पाव लिटरपर्यंत गेलं तर एवढ्या जुन्या, जोरात फिरणाऱ्या इंजिनाला मी ते काहीच मानत नाही. अर्धा लिटर गेलं तर लक्ष ठेवायचं. १ लिटर गेलं तर ग्रेड बदलून उपयोग नाही, तिथे इंजिन खोलायचं काम निघालंय.

दुसरी, धूर. रात्रभर उभी राहून सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील कडक झालेत. चालताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागे निळा धूर दिसतो तर पिस्टनच्या रिंग. कॉम्प्रेशन टेस्ट करा, कमी आलं तर त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत करा, वाढलं तर रिंग गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्हकडे बघा. यातलं काहीही जाड ऑईलने दुरुस्त होत नाही, फक्त काही महिने दबतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो कारण ती स्वस्त आहे आणि कोणीच बघत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह. तो छोटा प्लास्टिकचा तुकडा चिकटला की क्रँककेसमध्ये प्रेशर तुंबतं, मग ऑईल इनटेकमध्ये जातं, सीलमधून बाहेर येतं, आणि सगळे म्हणतात इंजिन ऑईल खातंय, काम काढा. काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. माझ्या एका मित्राच्या बलेनोचं ऑईल खाणं फक्त पीसीव्ही बदलून निम्म्यावर आलं.

तिसरी, आतून किती घाण आहे. ऑईल भरायचं झाकण काढून टॉर्च मारा. सोनेरी-तपकिरी वार्निश असेल तर ठीक. काळा, बोटाने उचलता येईल असा गाळ असेल तर सावकाश घ्यायचं, त्याबद्दल खाली लिहिलंय. झाकणाच्या आत पांढरट-पिवळा फेस दिसला तर लगेच हेड गॅस्केट उडालं म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसतं बाष्प जमून पण तो येतो. कूलंट कमी होतंय का तेवढं तपासा.

चौथी आणि खरी परीक्षा म्हणजे ऑईल प्रेशर. डॅशबोर्डवरचा लाल दिवा प्रेशर जवळजवळ संपल्यावरच लागतो, त्याच्यावर विसंबू नका. मेकॅनिकल गेज लावून घ्या, एवढं एकच काम केलंत तरी निम्मा गोंधळ मिटेल. या इंजिनात ऑईल फिल्टर मागच्या बाजूला, फायरवॉलकडे असतो आणि त्याच्या जवळच प्रेशर स्विच. तो काढून तिथे गेजचा पाईप बसवायचा, एक-अष्टमांश इंचाचा टेपर थ्रेड लागतो. गाडी २०-२५ मिनिटं नीट चालवून आणा, रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला पाहिजे, आणि मग मोजा. होंडाचा डी-सिरीजसाठीचा हिशोब असा, ऑईल ८० अंशाला असताना आयडलला किमान १० पीएसआय आणि ३००० आरपीएमला किमान ५०.

माझ्या गाडीत २०डब्ल्यू-५० वर आयडलला २४ आणि ३००० ला ६८ आलं होतं. म्हणजे ज्या इंजिनाला म्हातारं समजून जाड ऑईल पाजलं जात होतं ते ठणठणीत होतं. ५डब्ल्यू-४० टाकल्यावर १८ आणि ५८ आलं, अजूनही मर्यादेच्या चांगलं वर.

जास्त प्रेशर म्हणजे जास्त चांगलं असं पण नाही बरं का. पंपात रिलीफ व्हॉल्व्ह असतो, प्रेशर ठराविक पातळीच्या वर गेलं की तो उघडतो आणि ऑईल बेअरिंगकडे न जाता परत मागे फिरतं. थंड जाड ऑईलवर रेस दिली की हेच होतं, गेज छान दिसतो पण इंजिनाला ऑईल तेवढंच. शिवाय फिल्टरचा बायपास पण उघडू शकतो आणि मग न गाळलेलं ऑईल फिरतं.

व्हीटेकला ऑईल का एवढं लागतं

साध्या इंजिनात ऑईल वंगण देतं, थंड करतं, घाण वाहून नेतं. व्हीटेकमध्ये ते वर हायड्रॉलिकचं काम पण करतं. वरच्या आरपीएमला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सोलेनॉइड उघडतो, ऑईल प्रेशर रॉकरच्या आतल्या छोट्या पिनांना ढकलतं, पिना रॉकरना एकत्र अडकवतात आणि इनटेक व्हॉल्व्ह मोठ्या कॅम लोबवर चालायला लागतात. प्रेशर आलं की नाही हे स्विच ईसीयूला सांगतो, नाही आलं तर कोड आणि व्हीटेक बंद. ही सगळी वाट बारीक छिद्रांची आहे. त्यामुळे या इंजिनाला ऑईल स्वच्छ हवं, लवकर वाहणारं हवं, आणि पातळी पूर्ण हवी. अर्धा-पाऊण लिटर कमी ऑईल असताना जोरात वळणावर घातली तर सम्पमधलं (इंजिनाखालच्या भांड्यातलं) ऑईल एका बाजूला जातं आणि पंप क्षणभर हवा ओढतो. घाटात व्हीटेक अधूनमधून येत नसेल तर सगळ्यात आधी डिपस्टिक बघा.

एपीआयची अक्षरं आणि झिंकचा प्रश्न

एपीआय ही अमेरिकन संस्था ऑईलला दर्जाची अक्षरं देते. एपीआय एसजे १९९६ चं, एसएल २००१ चं, एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. दुसरं अक्षर पुढचं तितकं ऑईल नवं, आणि सर्वसाधारणपणे नवं ऑईल जुन्याच्या जागी चालतं. गाळ होऊ न देणं, उष्णतेत टिकणं यात एसएन आणि एसपी जुन्यांपेक्षा खूपच चांगले आहेत, म्हणून कुठे दुकानात मागे पडलेला एसजीचा डबा "जुन्या गाडीसाठी खास" म्हणून देत असतील तर घेऊ नका.

पण एक पोटप्रश्न आहे. झेडडीडीपी नावाचं ॲडिटिव्ह असतं, झिंक आणि फॉस्फरसवालं. कॅम आणि रॉकर जिथे एकमेकांवर घासत जातात तिथे ते पातळ थर तयार करून धातू वाचवतं. हाच फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू खराब करतो, म्हणून एसएमपासून ३० आणि त्याखालच्या इंधन-बचत ग्रेडमध्ये फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएमच्या (दहा लाखात इतके भाग) पट्ट्यात बांधला गेला. ५डब्ल्यू-४०, १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० या ग्रेडना ती वरची मर्यादा नाही, त्यात अनेकदा १००० च्या आसपास असतो.

सिटी व्हीटेकचे रॉकर कॅमवर घासत चालतात, रोलर नाहीत. तिला थोडा जास्त झिंक बरा, आणि ४० ग्रेड निवडला की तो आपोआप मिळतो. आयकॉन १.६ रोकॅममध्ये नावातच रोलर आहे, कॅमवर रोलर फिरतात, तिथे ही काळजी जवळजवळ नाहीच. पण म्हणून बाटलीतलं वेगळं झिंक ॲडिटिव्ह वरून ओतायची माझी अजिबात शिफारस नाही. ऑईलमधली रसायनं एकमेकांना तोलून घातलेली असतात, एक वाढवलं की दुसरं बिघडतं, आणि या गाड्यांना कन्व्हर्टर आहे हे विसरू नका.

एसिया या युरोपियन कार कंपन्यांच्या संघटनेचं रेटिंग लिहिलेलं असेल तर माझ्या मते ते जुन्या परफॉर्मन्स गाडीसाठी जास्त उपयोगाचं. ए३/बी४ म्हणजे एचटीएचएस किमान ३.५ आणि ॲडिटिव्ह भरपूर. ए५/बी५ मध्ये एचटीएचएस २.९ ते ३.५, ते इंधन वाचवायला, आपल्यासाठी नाही. डब्यावर "एपीआय एसएन, एसिया ए३/बी४" दिसलं की निम्मी निवड झाली.

जेएएसओ एमए लिहिलेलं ऑईल बाईकचं, ओल्या क्लचसाठी बनवलेलं. रेसिंगवाल्या बाईकच्या ऑईलचे डबे आकर्षक असतात पण गाडीत ते टाकून काही मिळत नाही. आणि गॅरेजमधल्या ड्रममधलं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑईल, त्यावर सीआय-४ या डिझेलच्या रेटिंगच्या बरोबरीने एसएल वगैरे पेट्रोलचं रेटिंग असेल तर रस्त्यात अडचणीच्या वेळी चालून जाईल, कायमसाठी नको.

मिनरल, सेमी, सिंथेटिक

इथे फार वेळ घालवत नाही. डब्यावर "फुली सिंथेटिक" लिहिलं तरी आत बहुतेक वेळा ग्रुप ३, म्हणजे खूप शुद्ध केलेलं खनिज बेस ऑईल असतं, ग्रुप ४ म्हणजे पीएओ आणि ग्रुप ५ मधलं एस्टर महागड्या डब्यांत. ग्रुप ३ वाईट अजिबात नाही, रस्त्यावरच्या सिटीला पुरून उरतं. सिंथेटिक टाकलं की गाडी गळते असं जे म्हणतात त्यात अर्धं सत्य आहे, ऑईलमधली डिटर्जंट कडक झालेल्या सीलभोवतीचा गाळ धुऊन काढतात आणि मुळात गेलेलं सील उघडं पडतं. डी-सिरीजमध्ये डिस्ट्रिब्युटरचं ओ-रिंग, कॅम सील, टॅपेट कव्हर गॅस्केट आणि व्हीटेक सोलेनॉइडचं गॅस्केट ही गळायची नेहमीची ठिकाणं. ती सगळी मिळून स्वस्तात होतात, आधी बदलून घ्या आणि मग सिंथेटिक टाका.

आता निवड

प्रेशर चांगलं, ऑईल खाणं पाव लिटरच्या आत, आत घाण नाही, अशी गाडी असेल तर सिटी व्हीटेकमध्ये ५डब्ल्यू-४० फुली सिंथेटिक, एसिया ए३/बी४, हे माझं स्पष्ट मत. शांत चालवणारे, घाटात न दामटणारे असाल तर १०डब्ल्यू-३० वर पण काही बिघडत नाही, मॅन्युअल तेच सांगतं. मी ४० ला जातो कारण आपल्याकडे ट्रॅफिकमध्ये एसी लावून इंजिन तापत उभं असतं आणि लगेच एक्स्प्रेसवेवर ते ६००० ला जातं, बेअरिंगमधलं ऑईल तिथे खरंच गरम होतं.

अर्धा लिटर खात असेल आणि प्रेशर ठीक असेल तर १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०, सेमी सिंथेटिक पण चालेल. सिंथेटिक ओतून त्याचा धूर करण्यात पैसे घालू नका.

गरम आयडल प्रेशर १०-१२ वर आलं असेल तर आधी स्विच आणि गेज तपासा, मग सम्प उतरवून पिकअपची (पंपाच्या ऑईल ओढणाऱ्या नळीची) जाळी बघा, ती तुंबलेली असेल तर साफ करून परत मोजा. तरीही कमीच असेल तर पंप किंवा बेअरिंग. इंजिन बांधायला पैसे जमेपर्यंत १५डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-५० वर सांभाळून चालवा, तिथे त्या ऑईलची जागा आहे हे मी मान्य करतो, पण मग रेडलाईन (आरपीएमची वरची लाल मर्यादा) विसरायची.

आत गाळ असेल तर इंजिन फ्लश टाकून एकदम सगळं सोडवायला जाऊ नका. सुटलेला गाळ पिकअपच्या जाळीत आणि व्हीटेकच्या जाळीत जाऊन बसतो. मी काय केलं सांगतो, साधंच १०डब्ल्यू-४० एसएन घेतलं आणि १५०० किलोमीटरला फिल्टरसकट बदललं, परत २००० ला, परत ३००० ला. तिसऱ्या वेळी ऑईल बऱ्यापैकी स्वच्छ निघालं आणि मग ५डब्ल्यू-४० सिंथेटिक टाकलं. वेळ लागला सहा-सात महिने, पण कोड २२ परत आला नाही.

ऑक्टाव्हिया आरएसवाल्यांसाठी थोडं वेगळं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्याच्या प्लांटमध्ये जोडलेल्या ऑक्टाव्हियांमधली ही १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० बीएचपी. टर्बोचा शाफ्ट फक्त ऑईलच्या थरावर फिरतो आणि इंजिन बंद केलं की तिथलं ऑईल तापून जळतं, कोळसा होतो. याच इंजिन कुटुंबाला गाळाचा मोठा त्रास झाला होता, अमेरिकेत १९९८ ते २००४ च्या पसाट १.८ टर्बोसाठी फोक्सवॅगनला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. त्यामुळे इथे तडजोड नको. डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० ची मान्यता हवी, ग्रेड ५डब्ल्यू-४०. मोटुल ८१०० एक्स-सेस, शेल हेलिक्स अल्ट्रा, असे पर्याय बघा, पण त्या डब्याच्या मागे ५०२.०० छापलंय का हे स्वतः वाचा कारण एकाच नावाने वेगवेगळी ऑईल विकली जातात. सम्पमध्ये साधारण साडेचार लिटर बसतं. आणि घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, एक-दोन मिनिटं आयडलला राहू द्या.

घेताना

नकली ऑईल सगळीकडे आहे, आणि चांगल्या ब्रँडचंच जास्त असतं. कंपनीचा डीलर, पेट्रोल पंप किंवा ओळखीचं मोठं दुकान, आणि बिल घ्यायचंच. झाकणाची रिंग तुटलेली नको, तोंडावरचं फॉइल नीट चिकटलेलं हवं, बॅच नंबर खोडलेला नको, क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा. काम झाल्यावर रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडा आणि मग टाका. रिकामे डबेच परत भरले जातात. वापरलेलं ऑईल गटारात ओतू नका, घरी बदलत असाल तर कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजमधून रीसायकलवाले ते उचलतात तिथे द्या.

बदलताना

इंजिन कोमट करा, कडक गरम नको, हात भाजतात. ड्रेन नट १७ नंबरचा. त्याचा वॉशर दर वेळी नवा, सोबत दोन-तीन आणून ठेवा. घट्ट करताना टॉर्क ४४ न्यूटन-मीटर, म्हणजे साडेचार किलोग्रॅम-मीटर. टॉर्क रेंच नसेल तर लांब पाना वापरू नका, साध्या पान्यावर नीट घट्ट झालं की थांबा. सम्पचे आटे गेलेल्या किती गाड्या बघितल्यात मी, कारण प्रत्येक जण मागच्यापेक्षा जोरात आवळतो.

फिल्टर ओरिजिनल किंवा नावाजलेल्या कंपनीचाच. जुना काढल्यावर त्याची रबर रिंग ब्लॉकला चिकटून तर राहिली नाही ना हे बोट फिरवून बघा, दोन रिंग एकावर एक बसल्या तर ऑईल रस्त्यावर ओतलं जाईल. नव्या फिल्टरच्या रबराला ऑईल लावा, हाताने फिरवत रबर टेकलं की पाऊण फेरा आणखी, बास. फिल्टरसकट या इंजिनात साधारण ३.३ लिटर बसतं. आधी तीन लिटर घाला, स्टार्ट करा पण रेस देऊ नका, दिवा दोन-तीन सेकंदात गेला पाहिजे, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघत उरलेलं घाला. वरच्या खुणेच्या पलीकडे नको, जास्त ऑईलमध्ये क्रँक आपटला तर फेस होतो आणि फेसावर व्हीटेकच्या पिना सरकत नाहीत.

किती दिवसांनी बदलायचं? सिंथेटिकवर मी ७००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. फक्त रविवारी निघणारी गाडी वर्षात २००० च चालली तरी बदलायचं, कारण उभ्या गाडीत बाष्प आणि पेट्रोलचा अंश ऑईलमध्ये साठत राहतो. शहरातल्याच छोट्या फेऱ्या असतील तर ५००० ला.

आणि एक सवय लावा, फुकट आहे. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑईल गरम झालं असं नाही, ऑईलला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. घरून निघाल्यावर पहिली १०-१५ मिनिटं ३००० च्या खाली चालवा, व्हीटेक त्यानंतर.

नवं ऑईल टाकल्यावर पहिल्या २०० किलोमीटरला गाडीखाली पुठ्ठा घालून गळती बघा, ५०० ला डिपस्टिक, १००० ला परत डिपस्टिक. तारीख, किलोमीटर, ऑईलचं नाव आणि ग्रेड, बॅच नंबर, किती टॉप-अप केलं, आणि जमलं तर गरम प्रेशरचे दोन आकडे एका वहीत लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. माझ्या वहीत आता चौथं पान चालू आहे आणि शेवटच्या नोंदीत आयडल १७, ३००० ला ५७ लिहिलंय.